गहू आणि भुसा दोन्ही हवं असेल तर कोणतं हार्वेस्टर लावावं?

आठ एकर गहू, दावणीला चार जनावरं, आणि प्रश्न असा की हार्वेस्टर लावलं तर भुसा हातचा जातो का. लावायचंच तर टायरवालं बरं की पट्ट्यावालं, म्हणजे टायरऐवजी रुंद पट्ट्यावर चालणारं? मी निफाडकडचा आहे. दरवर्षी गहू हार्वेस्टरनेच काढतो आणि भुसाही घरी आणतो, म्हणून सांगतो: रान कोरडं असेल तर टायरवालं लावा आणि त्याच्या मागे स्ट्रॉ रीपर, म्हणजे आपलं भुसा मशीन, आधीच ठरवून ठेवा.

पंजाबातल्या नाभा, भादसोंकडून मार्चमध्ये आपल्याकडे येणारी प्रीत, करतारसारखी १४ फुटी टायरची मशीनं बहुतेक वॉकरची, म्हणजे काड झटकणाऱ्या हलत्या जाळ्यांची असतात. ड्रमात मळलेलं काड वॉकरवरून झटकत मागे येतं आणि लांबच्या लांब ओळीत पडतं. क्लासच्या क्रॉप टायगरसारख्या पट्ट्याच्या मशीनमध्ये काड लांब रोटरमधून फिरत जातं. दाणा चांगला सुटतो, पण काड जास्त मोडतं, आणि तो चुरा धसकटांत पडला की रीपरला उचलता येत नाही. अवकाळीने रान ओलं झालं तर मात्र पट्ट्यावालंच बोलवा. काळ्या रानात टायरचं मशीन रुततं आणि जमीन दाबून टाकतं.

भुसा खरा जातो तो कापणीच्या उंचीमुळे. भाडं एकरावर असतं आणि उंच कापलं की मशीनवर भार कमी येतो, त्यामुळे ऑपरेटर गुडघाभर धसकट सोडून पळतो. ते धसकट रीपर कापतो, बारीक करतो आणि जाळीच्या ट्रॉलीत फेकतो. पण आपण गहू साऱ्यात, म्हणजे पाणी द्यायला पाडलेल्या वाफ्यात पेरतो. सारे उंच आणि ओबडधोबड असले की रीपरचं पातं खाली जात नाही, आणि नेलंच तर भुशात माती येते. ती माती जनावरांच्या पोटात जाते. म्हणून पेरतानाच सारे रुंद आणि बसके ठेवा. हार्वेस्टर साधारण वीतभर उंचीवर चालवायचं हे रानात शिरण्याआधीच बोलून घ्या.

रीपर दुपारच्या उन्हातच चालवा. सकाळच्या दवाने काड चिवट होतं, नीट चिरत नाही. रानात दगड असतील तर पाण्याचा टँकर बांधावर उभा ठेवा, कारण पात्याला दगड लागून ठिणगी उडाली की वाळलेलं रान पेटायला वेळ लागत नाही. आणखी एक फायदा सांगतो: खाली राहिलेल्या ओंब्यांचे दाणे रीपरच्या ट्रेमध्ये पडतात, तेवढे कोंबड्यांना होतात.

धान्याची नासाडी डोळ्यांनी मोजा. मशीन पुढे गेलं की मागे एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखा, काड बाजूला करा आणि दाणे मोजा. काडाच्या ओळीत एकदा, ओळीबाहेर दोनदा, आणि तिन्हींची सरासरी काढा. हजार दाण्यांचं वजन ४० ग्रॅम धरलं तर २५ दाणे म्हणजे एकरी ४ किलो. २५० निघाले तर ४० किलो गेले, मग लगेच मशीन थांबवायला सांगा. वेग कमी करून आणि चाळणी-पंखा जुळवून बराच फरक पडतो. टाकीतले दाणे फुटलेले दिसले तर ड्रमचा वेग उतरवायला सांगा. ओंबीत दाणा तसाच राहत असेल तर गहू अजून ओला आहे, ऊन चढेपर्यंत थांबा.

बियाण्याचा गहू मात्र हार्वेस्टरने काढू नका. एका वर्षी माझ्या लोकवन गव्हामध्ये आधीच्या रानातली दुसरी जात आणि तणाचं बी मिसळून आलं, कारण मशीन साफ न करता आत घेतलं होतं. तेव्हापासून अर्धा एकर विळ्याने सोंगून स्वच्छ झाडलेल्या मळणी यंत्रात काढतो. त्या तुकड्याचा भुसाही सगळ्यात चांगला निघतो, आणि गाभण गाईला मी तोच घालतो.