दुखायची थांबली म्हणजे दाढ बरी झाली?

फोंड्याच्या एक ताई लिहितात: "खालची दाढ चार रात्री ठणकत होती. चहा लागला की कळ डोक्यात जायची, गार पाणी तोंडात धरलं की बरं वाटायचं. आता आठ दिवस काहीच दुखत नाही. तरी डॉक्टर रूट कॅनल करा म्हणतात. कशाला?"

गरमाने कळ आणि गाराने आराम, ही खूण आमच्या ओळखीची. दाताच्या पोटात नस आणि रक्तवाहिन्यांचा मऊ गर असतो. कीड तिथवर पोचली की तो सुजतो. बोट सुजलं तर कातडी ताणते, दात ताणत नाही. सूज आतच कोंडते आणि ठणका लागतो. तुमचं दुखणं थांबलं ते बहुधा गर मेला म्हणून. डॉक्टर गार लावून आणि एक्स-रे काढून खात्री करतील. मेलेल्या गरात जंतूंचं छान फावतं. मुळाच्या टोकातून ते हाडात उतरतात आणि एका सकाळी गाल पावासारखा फुगलेला असतो. रूट कॅनल म्हणजे हा गर काढायचा, मुळांतल्या बारीक नळ्या साफ करून धुवायच्या आणि गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने भरून बंद करायच्या. दाढेत अशा नळ्या सहसा तीन-चार, म्हणून वेळ लागतो. "चतुर्थी होऊन जाऊ दे" असं म्हणू नका. ऐन नेवऱ्या तळताना सुजलेले गाल मी पुष्कळ पाहिलेत.

पेडण्याहून: "नुसत्या अँटिबायोटिकने भागणार नाही?"

नाही. गोळी रक्तातून पोचते आणि मेलेल्या गरात रक्तच जात नाही. ताप असेल, सूज पसरत असेल तर गोळ्या लागतात, पण दाताच्या इलाजासोबत. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर तडक हॉस्पिटल गाठा. आणि अ‍ॅस्पिरिनची गोळी दाढेखाली दाबून ठेवू नका, हिरडी भाजते.

म्हापशाहून: "दोन वर्षांमागे रूट कॅनल केलं, दाढेवर बसवायची कॅप राहून गेली. परवा कुर्लीचा डेंगा (खेकड्याची नांगी) फोडताना दाढेचा तुकडा पडला. सगळं फुकट गेलं का?"

डेंगा फोडायला घरात वरवंटा होता ना! पण दोष एकट्या कुर्लीचा नाही. दुखायचं थांबलं की माणूस फिरकत नाही, हे आम्हा डॉक्टरांचं जुनं रडगाणं. रूट कॅनलने दाढ ठिसूळ होते म्हणतात. खरं तर किडीत आणि आत शिरायला केलेल्या वाटेत दाढेचा बराच भाग गेलेला असतो. उरलेल्या भिंती चावताना फाकतात, कॅप त्यांना पिंपाच्या कड्यासारखी बांधून ठेवते. पुढच्या दाताला, फारसा झिजला-किडला नसेल तर, कॅपशिवायही चालतं. दाढेला सहसा नाही. तुमचा तुकडा हिरडीच्या वर तुटला असेल तर दाढ बांधून कॅप बसवता येईल. लाळ आत झिरपली असेल तर रूट कॅनल पुन्हा करावं लागेल. चीर मुळात उभी गेली असेल तर मात्र दाढ सहसा काढावीच लागते. तुकडा कागदात बांधून आणलात तरी बघणार आम्ही उरलेली दाढच.

डिचोलीहून: "एवढ्या खर्चापेक्षा काढून टाकलेली बरी नाही का?"

अक्कलदाढ असेल तर खुशाल काढा. चावायची दाढ काढलीत तर शेजारची हळूहळू कलते, समोरची त्या फटीत उतरते. मग तिथे खोटा दात बसवायला ब्रिज किंवा इम्प्लांट करायचं ठरलं की हिशेब सहसा रूट कॅनलच्या वर जातो. पैशांची अडचण असेल तर बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात चौकशी करा. खेपा जास्त पडतील, एवढी तयारी ठेवा.

वाळपईहून: "वरची दाढ आहे. डोळ्याला अपाय होईल का? आणि फार दुखतं का?"

डोळ्याला काही होत नाही, दृष्टीची नस वेगळी. दुखण्याचं म्हणाल तर भूल देऊनच काम होतं. फार सुजलेल्या दाढेवर भूल लवकर चढत नाही, तेव्हा गप्प सोसू नका, हात वर करा. आम्ही थांबतो, आणखी भूल देतो. नंतर दोन-तीन दिवस चावताना दुखेल. तेवढे दिवस कडक उंडो पाव दुसऱ्या बाजूने खा.