हातांची भाषा
प्रश्न : आम्ही इंदूरच्या रामबागेत राहतो. माझी चार वर्षांची नात जन्मतः कर्णबधिर आहे. तिला सांकेतिक भाषा शिकवावी असे मला वाटते; परंतु घरातील काहींच्या मते त्या नुसत्या खुणा आहेत, भाषा नव्हे. आपले मत काय?
— एक आजी

उत्तर : आजी, आपले म्हणणे योग्य आहे. शब्द जसा ध्वनींनी घडतो, तसा संकेत हाताचा आकार, त्याची जागा आणि हालचाल यांनी घडतो, हे भाषाशास्त्रज्ञ विल्यम स्टोकी यांनी १९६० साली अमेरिकी सांकेतिक भाषेच्या अभ्यासातून दाखवून दिले. भारतीय सांकेतिक भाषेचे व्याकरणही स्वतंत्र आहे. ‘तू कोठे राहतेस?’ हे विचारताना तीत ‘कोठे’चा संकेत शेवटी येतो, आणि प्रश्नाचा भाव भुवया, डोळे व मान यांतून उमटतो. मला या भाषेचे खरे सौंदर्य येथेच दिसते, कारण बोलणाऱ्याकडे पाठ फिरवून ती ऐकताच येत नाही. समोरच्या माणसाकडे पूर्ण लक्ष द्यावेच लागते.

दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या शब्दकोशाच्या २०२१ मधील आवृत्तीत १०,००० शब्द असून त्यांच्या चित्रफिती घरबसल्या पाहता येतात. संकेत शिकल्याने मराठी वा हिंदी शिकण्यात अडथळा येत नाही. मात्र नातीबरोबर आपण सर्वांनीच शिकावे. रात्रीच्या जेवणाला भरपूर उजेडात, एकमेकांचे चेहरे दिसतील असे बसावे आणि ‘पोळी’, ‘वरण’, ‘अजून हवे?’ यांपासून आरंभ करावा.