नोंदणीचा फॉर्म मोबाइलवर अर्धवट का सुटतो?

तुम्ही म्हणताय की शिबिराच्या नोंदणीचा फॉर्म लोक मोबाइलवर उघडतात, नाव-नंबरापर्यंत येतात आणि सोडून देतात. रंग, फाँट नंतर बघू. आधी नंबरचा रकाना.

तिथे मॅक्सलेंग्थ, म्हणजे जास्तीत जास्त अक्षरांची मर्यादा, १० आहे. कॉन्टॅक्टमधून कॉपी केलेला नंबर +९१ धरून १३ अक्षरांचा होतो. पेस्ट केला की शेवटचे तीन अंक गळतात आणि वर लाल अक्षरांत 'नंबर चुकीचा'! मर्यादा २० करा. स्पेस, डॅश, अधिकचं चिन्ह, सुरुवातीचा शून्य कोडमध्ये काढा. ९१ मात्र सरसकट कापू नका, दहा अंकी नंबरही ९१ने सुरू होतात. एकूण १२ अंक उरले तरच कापा. इनपुटचा, म्हणजे रकान्याचा, टाइप 'नंबर' नको, फोन नंबरसाठीचा 'टेल' द्या.

मराठी कीबोर्डवरून देवनागरी अंक आले तर ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टचं 'बॅकस्लॅश डी', म्हणजे 'इथे अंक हवा' सांगणारी खूण, ते ओळखत नाही. सर्व्हरवरच्या कोडची भाषा पायथन ३ असेल तर ती ओळखते, त्यामुळे फक्त सर्व्हरवर तपासणाऱ्याला सगळं आलबेल वाटतं. तपासणीआधी देवनागरी अंक इंग्रजी अंकांत बदलून घ्या.

नावाच्या रकान्यात खरी गंमत आहे. 'ज्योत्स्ना' डोळ्यांना दोन जोडाक्षरं, पण युनिकोडच्या, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या प्रमाण यादीच्या, मोजणीत १० चिन्हं. त्यातले ज, य, त, स, न एवढेच 'लेटर' वर्गात. हलन्त आणि काना-मात्रा 'मार्क' वर्गात. नुसतं 'लेटर' तपासलंत तर दुसऱ्याच चिन्हाला नाव नापास. दोन्ही वर्ग घेतले तरी 'कऱ्हाडे' अडकू शकतं, कारण काही कीबोर्ड तिथे न दिसणारा जॉइनर (अक्षरं जोडणारं चिन्ह) घालतात आणि तो दोन्ही वर्गांत नाही. नाव रिकामं नाही ना, एवढंच बघा. सुरक्षिततेसाठी पानावर दाखवताना एस्केप करा, म्हणजे नावात कोड लिहिला असला तरी तो चालणार नाही, नुसता मजकूर म्हणून दिसेल.

चूक दाखवायची ती रकाना सोडल्यावर, पहिला अंक टाइप होताच नाही. संदेश रकान्याखालीच हवा आणि कामाचा हवा: '९ अंक आलेत, एक राहिलाय'. रकान्याचं लेबल प्लेसहोल्डरमध्ये (रकान्याच्या आत दिसणाऱ्या फिकट मजकुरात) ठेवू नका, टाइप करताच ते जातं.

किरकोळ: इनपुटचा फाँट १६ पिक्सेलच्या खाली गेला की आयफोनची सफारी पान झूम करते. बटणाची उंची ४८ पिक्सेल ठेवा. दाबल्यावर ते लगेच बंद करून 'पाठवत आहे' दाखवा, नाहीतर एकाच माणसाच्या दोन नोंदी येतील. रेंज गेली आणि पाठवणं फसलं तर बटण पुन्हा चालू करा, भरलेलं मात्र पुसू नका.