वाचकांचे सवाल: फ्रेमबफर, तिरकी विंडो आणि अडकलेला कीबोर्ड

मागच्या अंकात मी जाता जाता लिहून गेलो की विंडो मॅनेजर (स्क्रीनवरच्या विंडो मांडणारा, हलवणारा प्रोग्राम) आतून कसा चालतो ते कळायला हवं असेल तर एक्स, वेलँड वगैरे विंडो दाखवणाऱ्या तयार यंत्रणा बाजूला ठेवा आणि लिनक्सच्या फ्रेमबफरवर (म्हणजे स्क्रीनवरचे पिक्सेल जिथे असतात त्या मेमरीत) स्वतः एक विंडो काढून बघा. झालं, लोकांनी खरंच काढल्या की! आता मेलबॉक्स भरलाय आणि अर्ध्या मेलमध्ये मला शिव्या आहेत. त्यातले काही प्रश्न घेतो.

सांगलीहून, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा एक वाचक: सर, माझा छोटा विंडो मॅनेजर आहे, आत्तापर्यंत तो एक्सवर एका मोठ्या विंडोत चालवायचो. आता फ्रेमबफरचं बॅकएंड (चित्र स्क्रीनपर्यंत पोचवणारा भाग) लिहिलं. एफबी० (फ्रेमबफरची फाइल) उघडलं, एममॅप केलं (ती मेमरी प्रोग्रामला जोडून घेतली), निळं बॅकग्राउंड एकदम बरोबर आलं पण विंडो काढली की तिच्या नुसत्या तिरक्या पट्ट्या होतात. माझा लॅपटॉप १३६६ बाय ७६८ आहे. मित्राच्या १९२० बाय १०८० मॉनिटरवर सेम कोड मस्त चालतो. माझं ग्राफिक्स कार्ड गेलंय का?

कार्ड ठणठणीत आहे, दुकानात नेऊ नका. आणि निळं बॅकग्राउंड बरोबर आलं म्हणताय ना, एकदा स्क्रीनच्या अगदी तळाशी नाक लावून बघा, शेवटच्या पाच-साडेपाच ओळी निळ्या झालेल्याच नसणार, तिथे कन्सोलचा (विंडो नसलेल्या टेक्स्ट स्क्रीनचा) जुना काळा रंग तसाच असेल. कसं ओळखलं ते सांगतो.

तुम्ही पुढच्या ओळीचा पत्ता काढताना रुंदी गुणिले ४ (एका पिक्सेलचे ४ बाइट) केलंय, म्हणजे १३६६ × ४ = ५४६४ बाइट. पण बऱ्याच ड्रायव्हरना प्रत्येक ओळ ६४ च्या पटीत सुरू झालेली लागते आणि ५४६४ ला ६४ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून ड्रायव्हर पुढची पट घेतो, ५५०४. शाळेच्या वहीत समास असतो तसा हा ४० बाइटचा समास प्रत्येक ओळीच्या उजव्या टोकाला आहे, तो दिसत नाही पण जागा खातो. तुम्ही समास न सोडता लिहीत सुटलात, त्यामुळे दर ओळीला चित्र ४० बाइट म्हणजे १० पिक्सेल डावीकडे सरकतं. २०० ओळी उंच विंडोची सरळ उभी कड खाली येईपर्यंत २००० पिक्सेल सरकते, म्हणजे स्क्रीनला जवळजवळ दीड फेरा मारून येते, म्हणून पट्ट्या. ७६८ ओळींत मिळून ३०,७२० बाइट कमी पडले, त्या तुमच्या तळाच्या साडेपाच ओळी. निळा रंग मात्र सगळीकडे सारखाच, तो सरकला काय आणि नाही काय, कळणार कसं! आणि मित्राकडे १९२० × ४ = ७६८०, त्याला ६४ ने पूर्ण भाग जातो, समास शून्य, म्हणून तिथे चूक झाकली गेली.

उपाय एका ओळीचा आहे. फ्रेमबफरला दोन आयऑक्टल (प्रोग्रामने ड्रायव्हरला विचारायचे प्रश्न) विचारतात, एक बदलू शकणारी माहिती देतो (रुंदी, उंची, पिक्सेलला किती बिट) आणि दुसरा न बदलणारी. ओळीची खरी लांबी या दुसऱ्यात असते, लोक पहिला विचारतात आणि खूश होऊन निघून जातात. पत्ता = ओळ × खरी लांबी + स्तंभ × पिक्सेलचे बाइट. मेमरी मॅप करताना पण एकूण आकार तिथूनच घ्या, स्वतः गुणाकार करत बसू नका. आणि हात घातलाच आहे तर लाल, हिरवा, निळा कितव्या बिटपासून सुरू होतो तेही पहिल्या आयऑक्टलमध्ये मिळतं ते वाचा, नाहीतर पुढच्या महिन्यात कुठल्यातरी १६ बिटवाल्या छोट्या बोर्डवर चालवाल आणि चेहरे हिरवे का दिसतात म्हणून परत मेल कराल.

नाशिकहून: सुडो लावून (रूटच्या अधिकाराने) चालवतो, एकही एरर येत नाही, पण स्क्रीनवर काहीच दिसत नाही. का?

कारण तुम्ही डेस्कटॉपवरच्या टर्मिनलमधून चालवताय. त्या वेळी स्क्रीन डेस्कटॉपच्या ताब्यात असते आणि ती दुसराच बफर दाखवत असते, तुमचे पिक्सेल इमानदारीत भलतीकडे जाऊन पडतायत. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा, तिथे लॉगिन करा, मग चालवा. आणि सुडो कशाला, स्वतःला व्हिडिओ ग्रुपमध्ये घाला, इनपुट वाचायला इनपुट ग्रुप. सुडोने चालवलेला प्रोग्राम लटकला की किती ताप होतो ते अकोल्याच्या भावाचं खाली वाचा.

ठाण्याहून, नोकरी सांभाळून रात्री कोड लिहिणाऱ्या एक वाचक: विंडो माउसने ओढली की सगळी स्क्रीन लुकलुकते, मागे कर्सरच्या शेपट्या राहतात आणि प्रोसेसरचा एक कोर शंभर टक्के. सगळं सी मध्ये आहे हो, एवढं स्लो कसं?

ताई, तुम्ही थेट स्क्रीनच्या मेमरीत चित्र काढताय, बरोबर? आधी बॅकग्राउंड, त्यावर मागची विंडो, त्यावर पुढची. स्क्रीन मात्र तुमचं होईपर्यंत थांबत नाही, ती मध्येच वाचते आणि अर्धवट रंगवलेलं तसंच्या तसं दाखवते. ते लुकलुकणं म्हणजे तुमचंच बॅकग्राउंड.

साध्या रॅममध्ये स्क्रीनएवढा बफर घ्या, सगळी रंगरंगोटी तिथे करा आणि पूर्ण झालं की कॉपी. मात्र दर वेळी सगळं कॉपी करू नका. १९२० बाय १०८० ची एक फ्रेम ८२,९४,४०० बाइटची, सेकंदाला ६० वेळा म्हणजे जवळपास ५० कोटी बाइट, आणि झालंय काय तर माउस दोन बोटं हलला. काय बदललं तेवढे चौकोन लिहून ठेवा. कर्सर हलला तर दोनच चौकोन, जुन्या जागेचा आणि नव्या जागेचा, ३२ बाय ३२ चा कर्सर धरला तर दोन्ही मिळून ८ केबी. तुमच्या शेपट्या राहतात त्या जुना चौकोन विसरल्यामुळे, ही चूक प्रत्येकजण एकदा तरी करतोच.

दुसरं, आणि हे मी स्वतः ठेच लागून शिकलोय. फ्रेमबफरची मेमरी लिहायला वेगवान असते कारण प्रोसेसर लिहिलेलं साठवून एकदम पाठवतो, पण तिथून वाचायला गेलात की बहुतेक मशीनवर रडकुंडीला येता. मला हौस, विंडोखाली मऊ सावली पाहिजे. सावली म्हणजे खालचा रंग वाचायचा, थोडा काळा मिसळायचा, परत लिहायचा. मी तो खालचा रंग थेट स्क्रीनच्या मेमरीतून वाचत होतो, आणि एक सावली आली तशी विंडो ओढताना बैलगाडीसारखी चालायला लागली. दोन रात्री मी मिसळण्याचं गणित फास्ट करत बसलो, गुणाकाराऐवजी शिफ्ट, टेबल, काय काय. गणिताचा काही दोषच नव्हता. वाचणं रॅमच्या बफरवर नेलं आणि प्रश्न संपला. तेव्हापासून माझ्या बॅकएंडमध्ये स्क्रीनच्या मेमरीला हात लावणारं एकच फंक्शन असतं, ते फक्त लिहितं, आणि विंडो मॅनेजरच्या बाकी कोडला तो पॉइंटर दिसतसुद्धा नाही.

आणि माउसच्या प्रत्येक इव्हेंटला रंगवू नका. साधा यूएसबी माउस सेकंदाला १२५ वेळा बोलतो, गेमिंगवाला हजार वेळा. कर्नल (लिनक्सचा गाभा) एका हालचालीचे तुकडे पाठवतो, एक्स इतका, वाय इतका, आणि शेवटी सिंकचा इव्हेंट. तो आला की नवी जागा नोंदवा आणि रंगवायचं काम पुढच्या फ्रेमवर ढकला, साधा १६ मिलिसेकंदांचा टायमर लावला तरी पुष्कळ आहे. ओढताना विंडो मध्ये चिरल्यासारखी दिसेल कधीकधी, ते राहणार. व्हीसिंकसाठी (स्क्रीनची एक फ्रेम दाखवून होईपर्यंत) थांबायचा आयऑक्टल आहे खरा पण सगळे ड्रायव्हर तो देत नाहीत.

अकोल्याहून: दादा, माझा प्रोग्राम क्रॅश झाला आणि स्क्रीन तशीच थिजली, कीबोर्ड मेला, शेवटी पॉवर बटण दाबून बंद केलं. त्याआधी तर अजून विचित्र, माझ्या विंडोत जे टाइप केलं ते बाहेर पडल्यावर बॅशच्या प्रॉम्प्टवर कमांड म्हणून चाललं!

हा हा, कमांड कुठली होती ते नाही सांगितलंत! दोन्ही प्रकारांचं मूळ टर्मिनलच्या कीबोर्डमध्ये आहे. आधी ती कमांड घेतो. तुम्ही इव्हडेव्हमधून (कर्नलच्या इनपुट इंटरफेसमधून) थेट कीबोर्ड वाचताय पण मागचं टर्मिनल पण तोच कीबोर्ड ऐकतंय, त्याला कोणी सांगितलंच नाही की आता गप्प बस. त्याला दोन गोष्टी सांगाव्या लागतात, कन्सोल ग्राफिक्स मोडमध्ये टाक (म्हणजे तुमच्या चित्रावर ब्लिंक होणारा कर्सर आणि कर्नलचे मेसेज उमटणार नाहीत) आणि टर्मिनलचा कीबोर्ड ऑफ कर. पण एकदा ऑफ केलात की कंट्रोल-सी पण गेलं आणि कंट्रोल-ऑल्ट-एफ२ पण गेलं, ते आता तुम्हीच ओळखून तुम्हीच टर्मिनल बदलायचं. आणि प्रोग्राम मेला तर हे सगळं पूर्ववत कोण करणार? कोणी नाही. स्क्रीन थिजली तेव्हा तुमचं नेमकं तेच झालं.

क्रॅशचे सिग्नल पकडून साफसफाई करतात लोक, पण किल-९ (प्रोग्राम जबरदस्तीने मारणारा सिग्नल) पकडता येत नाही. माझा जुगाड असा, एक पन्नास ओळींचा छोटा बाप प्रोग्राम. तो कन्सोलची आधीची अवस्था लिहून ठेवतो, विंडो मॅनेजरला पोर म्हणून सुरू करतो आणि पोर कसंही मेलं तरी अवस्था परत आणतो. बापात काही कोडच नाही म्हटल्यावर तो क्रॅश कशाला होतोय. तोपर्यंत टेस्ट करताना दुसऱ्या मशीनवरून नाहीतर फोनवरून एसएसएच (दुरून केलेलं लॉगिन) उघडं ठेवून बसा. ऑल्ट-सिसआरक्यू-आर या थेट कर्नलला जाणाऱ्या की-जोडीनेही कीबोर्ड परत मिळतो, पण बऱ्याच डिस्ट्रोंमध्ये ते बंद किंवा अर्धवट चालू असतं, आधी तपासा.

टर्मिनल बदलायच्या वेळी अजून एक. कर्नलला आधी सांगून ठेवायचं की मला विचारल्याशिवाय बदलू नको. मग तो सिग्नल पाठवतो, तुम्ही रंगवणं थांबवायचं आणि हो म्हणायचं. थांबला नाहीत तर दुसऱ्या टर्मिनलवर तुमची विंडो उमटत राहते कारण मेमरी तीच आहे, आणि हो म्हणायला विसरलात तर बदल होतच नाही, माणूस एफ२ बडवत बसतो. परत आल्यावर सगळी स्क्रीन पहिल्यापासून रंगवा, मध्ये तिथे कोण काय करून गेलं याचा भरवसा नाही.

बेंगळुरूहून, एम्बेडेडमध्ये काम करणारा एक वाचक: फ्रेमबफर मेलंय, लोकांना हे का शिकवताय?

मेलं नाही, पेन्शनवर आहे, पण मुद्दा मान्य. ९० च्या दशकात अमिगा-अटारीसारख्या मशीनवरच्या लिनक्ससाठी निघालेली ही गोष्ट आहे, २०१५ पासून त्यात नवे ड्रायव्हर घेत नाहीत, वेलँडचा नमुना प्रोग्राम असलेल्या वेस्टनने आपलं फ्रेमबफर बॅकएंड २०२२ मध्ये काढून टाकलं. आज तुमच्या पीसीवर एफबी० दिसतं ते बहुतेक वेळा डीआरएमने (कर्नलच्या आजच्या ग्राफिक्स यंत्रणेने) घातलेलं सोंग असतं, त्यात रिझोल्यूशन बदलता येत नाही आणि दुहेरी बफरची जागा पण मुद्दाम पॅरामीटर देऊन मागावी लागते.

तरी मी सुरुवात तिथूनच करायला सांगतो. डीआरएममध्ये पहिला पिक्सेल दिसायच्या आधी कनेक्टर, एन्कोडर, सीआरटीसी, मोड ही सगळी वरात काढावी लागते आणि पोरं तिथेच दमतात. फ्रेमबफरवर पहिल्या संध्याकाळी चौकोन दिसतो. मग बॅकएंडची सीमा नीट आखली असेल (सुरू कर, हा चौकोन दाखव, बंद कर, एवढीच तीन कामं) तर त्याच सीमेमागे डीआरएमचा डंब बफर (प्रोसेसरने स्वतः रंगवायचा साधा बफर) बसतो, विंडो मॅनेजरला पत्ताही लागत नाही. सांगलीकर, तिथेही ओळीची लांबी ड्रायव्हरच सांगतो बरं का, नाव फक्त पिच. एक खड्डा सांगून ठेवतो, दोन बफर आलटून पालटून दाखवायला लागलात की जो बफर हातात येतो तो एक फ्रेम शिळा असतो, त्यामुळे बदललेले चौकोन फक्त या फ्रेमचे नाही, मागच्या फ्रेमचे पण रंगवायचे.

नागपूरहून: टायटल बारमध्ये मराठी नाव टाकलं की वाट लागते. कन्सोलचाच बिटमॅप फॉन्ट वापरलाय.

"विद्यार्थी" लिहून बघा, सगळे रोग एका शब्दात दिसतील. मेमरीत आधी व आहे मग पहिली वेलांटी, तुम्ही त्याच क्रमाने छापताय म्हणून वेलांटी व च्या उजवीकडे येते, द्य जुळत नाही, द चा पाय मोडून य शेजारी उभा, आणि रफार थी वर चढण्याऐवजी खालीच र ला हलंत. कन्सोलच्या फॉन्टमध्ये फार तर ५१२ आकार मावतात आणि एका कोडला एक आकार एवढंच त्याला कळतं, तिथे देवनागरी बसवायचा हट्ट सोडा. अक्षरं जुळवायला हार्फबझ, आकार काढायला फ्रीटाइप, फॉन्ट लोहित देवनागरी घ्या, दोन्ही लायब्ररींना स्क्रीनशी काही देणंघेणं नाही, त्या रॅममध्ये काम करून देतात म्हणजे आपल्याला सोयीचंच. टायटल एकदाच रंगवून छोट्या बफरमध्ये ठेवा, नाव बदललं तरच परत. नाव लांब असेल तर हार्फबझ जे गट सांगतं त्याच्या हद्दीवर कापा, मध्ये कापलंत तर "विद्या" चं भलतंच काहीतरी होतं. आणि टायटल बारची उंची १६ पिक्सेल अशी कोडमध्ये ठोकली असेल तर ती आधी काढा, शिरोरेषेच्या वर रफार आणि वेलांटी, खाली ऊकार, इंग्रजीच्या मापाने शिवलेल्या पट्टीत हे मावत नाही. उंची फॉन्टलाच विचारा.