टीएनएफला मराठीत काय म्हणायचं, आणि मुळात म्हणायचं का?

ताई, तुमचा प्रश्न वाचून आधी हसू आलं आणि मग वाईट वाटलं. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ताईंच्या वडिलांना रुमॅटॉइड आर्थ्रायटिस (सांधे सुजवणारा आजार) आहे, डॉक्टरांनी एक इंजेक्शन सुचवलं, सोबत मराठीत छापलेला माहितीचा कागद मिळाला, त्यात औषधाचा प्रकार 'अर्बुद मृत्यू घटक विरोधी' (म्हणजे टीएनएफ, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, याच्या विरोधी) असा दिलेला, आणि बाबांनी रात्री साडेदहाला फोन करून विचारलं की मला कॅन्सर झालाय आणि तुम्ही सगळे लपवताय का. ताईंना तो कागद आता माणसाच्या मराठीत लिहायचाय, आणि टीएनएफ ज्या जातीतला, त्या सिग्नलिंग प्रोटीनला (पेशी एकमेकींशी बोलायला वापरतात ती प्रथिनं) संकेत प्रथिन म्हणू, संदेशवाहक म्हणू की आणखी काही, हेही विचारलंय.

गंमत म्हणजे कागद लिहिणाऱ्याचं तसं काही चुकलेलं नाही. ट्यूमर म्हणजे अर्बुद, शरीरातली गाठ (हा तर पार सुश्रुतापासूनचा शब्द), नेक्रोसिस म्हणजे पेशी मरणं, फॅक्टर म्हणजे घटक, शब्दाला शब्द बरोबर बसवलाय. आणि नीट वाचलं तर अर्थ काय निघतो, तर गाठ मारणाऱ्यालाच मारणारं औषध! बाबा घाबरले ते कमीच घाबरले म्हणायचे.

घोळ मूळ नावातच आहे. ही जी प्रथिनं पेशी एकमेकींना पाठवतात त्यांची नावं बारशाला ठेवलेली आहेत, पुढे बाळ काय दिवे लावणार हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. १९७५ साली न्यूयॉर्कमध्ये लॉइड ओल्ड यांच्या गटाने बीसीजी (टीबीची लस) दिलेल्या उंदरांना जिवाणूंचं विष टोचलं, त्यांच्या रक्तद्रवातलं काहीतरी दुसऱ्या उंदरांच्या गाठी कुजवतंय असं दिसलं, ठेवलं नाव ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर. त्याच शहरात दुसऱ्या लॅबमध्ये सेरामी आणि बॉयट्लर हे लोक आजारात जनावरं खंगत का जातात त्याच्या मागे होते, त्यांना जे प्रथिन सापडलं त्याला त्यांनी काकेक्टिन म्हटलं, म्हणजे आपल्या भाषेत 'खंगवणारा'. १९८५ मध्ये कळलं की दोन्ही एकच! एका घरी गाठ मारणारा हिरो, दुसऱ्या घरी माणसाला खंगवणारा व्हिलन. टिकलं ते पहिलं नाव. पुढे तेच औषध म्हणून कॅन्सरच्या पेशंटच्या रक्तात सोडून बघितलं तर बीपी कोसळायला लागलं, आणि कमी प्रमाणात सतत झिरपत राहिलं तर गाठीच्या वाढीला हातभारही लावतं असं दिसलं. सांध्यांची सूज पेटती ठेवण्यात तर त्याचा मोठाच हात, म्हणून त्याला अडवणारी औषधं आली, पहिलं १९९८ पासून वापरात आहे.

हा एकटाच असा नाही. इंटरल्यूकिन हे नाव १९७९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका बैठकीत ठरलं, अर्थ पांढऱ्या पेशींच्या आपापसातलं, आणि मग लक्षात आलं की कातडीच्या पेशीसुद्धा ते बनवतात. सगळ्यात मजेशीर व्हीईजीएफ. १९८३ मध्ये बोस्टनला सापडला तेव्हा नाव होतं रक्तवाहिन्या झिरपत्या करणारा फॅक्टर, १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात फेरारा यांनी वेगळ्या वाटेने जाऊन तोच पकडला आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराची वाढ करणारा फॅक्टर असं नाव ठेवलं. म्हणजे माहेरचं नाव वेगळं आणि सासरचं वेगळं. गाठीला एकदोन मिलिमीटरच्या पुढे वाढायचं तर स्वतःचा रक्तपुरवठा लागतो हे ज्युडा फोकमन १९७१ पासून सांगत होते, तो पुरवठा ओढून घेणारा मुख्य गडी हाच. वर तो रोगप्रतिकारातल्या पहारेकरी पेशींना नीट तयारही होऊ देत नाही, हे त्याच्या दोन्ही नावांत कुठेच नाही.

(जाता जाता, अँजिओजेनेसिसला 'वाहिनीजनन' लिहू नका, लोकांना वाटेल नवीन टीव्ही चॅनल निघतोय. 'नव्या रक्तवाहिन्या फुटणं' म्हणा, झाडाला फांद्या फुटतात तसं, कुणालाही कळतं. आणि कर्करोग या शब्दातच त्या रक्तवाहिन्या बसल्यात बरं का! कर्क म्हणजे खेकडा, ग्रीकमध्येही खेकडाच, आणि गॅलन या प्राचीन ग्रीक वैद्याने त्याचं कारण देताना स्तनाच्या गाठीभोवती फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या पसरतात असं लिहून ठेवलंय.)

म्हणून माझं मत, विशेषनामाचं भाषांतर करू नका. आपण धोंडू नावाच्या माणसाला इंग्रजीत दगड म्हणत नाही. टीएनएफ, व्हीईजीएफ, इंटरल्यूकिन सहा, सरळ देवनागरीत लिहा. फॅक्टरला शब्द हवाच असेल तर 'घटक' मात्र नको, घटक म्हणजे मिश्रणातला एक पदार्थ, बिस्किटाच्या पुड्यामागे छापतात ते. फॅक्टर हा मुळात लॅटिन 'करणारा', तेव्हा 'कारक'. आणि कारक मला आवडतो तो व्याकरणामुळे. शाळेत विभक्तीबरोबर कारकार्थ घोकले होते आठवतंय? सुरीने भाजी चिरली यात सुरी करण, सुरी धुतली यात कर्म, सुरी बोथट झाली यात कर्ता. सुरी तीच, वाक्य बदललं की भूमिका बदलली. या प्रथिनांचं अगदी असंच आहे, टीजीएफ बीटा हा यांच्यातलाच आणखी एक, तो सुरुवातीच्या गाठीला दाबून धरतो आणि पुढे गाठ हाताबाहेर गेली की तिलाच पसरायला मदत करतो, नुसतं नाव ऐकून काही सांगता येत नाही.

आता जातीचं नाव, म्हणजे सिग्नलिंग प्रोटीन. 'संकेत' मला इथे पटत नाही, मराठीत संकेत म्हटलं की रूढी, शिष्टाचार असं काहीतरी डोक्यात येतं, आणि संकेतस्थळ तर पूर्वी प्रेमिकांनी भेटायची जागा होती. 'संदेशवाहक' आधीच एमआरएनएने (मेसेंजर आरएनए, प्रथिन कसं बनवायचं ते पेशीच्या आत सांगणारा रेणू) अडवून ठेवलाय, दोन्ही एका परिच्छेदात आले की वाचणारा गेला. 'संप्रेरक' म्हणजे हॉर्मोन, ते रक्तातून लांब जातात, ही मंडळी बहुतेक वेळा आळीतल्या आळीत फिरणारी. माझं मत 'निरोप्या'ला. जुना आहे, मोल्सवर्थच्या कोशात आहे, आणि उच्चारायला सोपा.

यावर कुणीतरी म्हणेलच की निरोप्या निरोप घेऊन येतो, पण इथे तर प्रथिन हाच निरोप, त्याच्या हातात चिठ्ठी कुठंय? बरोबर आहे. पण गावात अमुक माणूस भल्या पहाटे दारात उभा दिसला की त्याने तोंड उघडायच्या आधीच कळायचं कोण गेलं ते. तो आला हाच निरोप. आणि तोच माणूस तीन घरी गेला तर एका घरात रडारड, दुसऱ्या घरात गाडीची जुळवाजुळव, आणि तिसऱ्या घरात हळूच सातबारा बाहेर. पेशींचंही तेच, निरोप्या एक, घर कुठलं त्यावर पुढचं सगळं.

फक्त 'निरोप प्रथिन' करू नका, सेंडऑफ वाटतो, समोसा वेफर्सवाला. तसा तोही अर्थ अगदीच गैरलागू नाही म्हणा, टीएनएफ काही पेशींना मरायलाच सांगतो, म्हणजे निरोप देतो तो दोन्ही अर्थांनी.

तुमच्या कागदावर मी असं लिहीन: "आपल्या शरीरात टीएनएफ नावाचा एक निरोप्या असतो. तो पेशींना सूज आणायला सांगतो. तुमच्या सांध्यांत तो गरजेपेक्षा जास्त झालाय, हे औषध त्याला वाटेतच धरून ठेवतं. हाच निरोप्या जुना, दबून बसलेला टीबी कोंडून ठेवायचं कामही करतो, म्हणून इंजेक्शन सुरू करायच्या आधी टीबीची तपासणी करून घ्यायची." टीबीचं वाक्य गाळू नका, आपल्याकडे ते फार महत्त्वाचं आहे. आणि बाबांना फोन करून एवढं सांगा की नावात ट्यूमर आलाय तो १९७५ मधल्या उंदरांचा, त्यांचा नव्हे.