अननसाचा शेंडा लावताय? आधी एवढंच करा

जरूर लावा! नवख्या माणसासाठी याच्याइतकं बिनत्रासाचं फळझाड क्वचितच सापडेल. फक्त घाई नको.

शेंडा सुरीने कापू नका. मुठीत घट्ट धरून पिळा, अख्खा सुटून येतो. बुडाला चिकटलेला गर पूर्ण काढून टाका. बहुतेकांचे शेंडे या गरामुळेच सडतात. मग खालची पानं एकेक सोला, इंचभर दांडा उघडा पडू दे. त्यावर बारीक तपकिरी पुटकुळ्या दिसतील, मुळं तिथूनच फुटतात. आता चार-पाच दिवस सावलीत नुसता वाळवा. हो, पाण्याशिवाय!

पुढे:
- 8 इंची कुंडी पुरे, तळाला भोक हवंच.
- मातीत भरड वाळू मिसळा.
- वरची माती सुकली की मगच पाणी. रोज तांब्याभर ओतणं म्हणजे झाडावर माया नव्हे.
- मुळं धरायला दीड-दोन महिने लागतात. उपटून बघायचा मोह आवरा.

फळाला दोन वर्षं तरी धरा, कुंडीत कधी जास्तही. खतं आणि फूल आणायच्या युक्त्या नंतर बघू. अननस घेताना मात्र शेंडा हिरवागार बघून घ्या, फ्रिजमधला शक्यतो नको.