ठेकेदार काम सोडून गेला, गॅरंटी 31 मार्चला संपतेय

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सांगलीच्या विश्रामबागेत ट्रस्टचं वसतिगृह, करार 1 कोटी 20 लाखांचा, 78 लाख देऊन झालेत, दुसरा स्लॅब टाकून दिवाळीला गेलेला ठेकेदार परत आला नाही, हातात 12 लाखांची बँक गॅरंटी, म्हणजे ठेकेदार चुकला तर बँकेनं पैसे द्यायची हमी. आणि तुम्ही विचारताय, करार रद्द करून उद्याच दुसरा माणूस लावू का? उद्या नको.

आधी गॅरंटीचा मूळ कागद काढा. त्यावर बहुतेक दोन तारखा असतील, एक मुदतीची, एक क्लेम करायची. ज्या शाखेनं ती दिली तिथं लेखी पत्र न्या: मुदत वाढवा, नाहीतर पैसे द्या. भाषा गॅरंटीत आहे तीच, शब्दाला शब्द. बँक चूक कोणाची ते बघत नाही. उघड फसवणूक किंवा कधीच भरून न येणारं नुकसान असल्याशिवाय कोर्टही सहसा अडवत नाही. पण पत्राचा शब्द चुकला तर बँक बोट ठेवणारच. दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. मार्चअखेर बँकेत काय गर्दी असते ते सांगायला नको, तेव्हा फेब्रुवारीतच जा.

मग मोजमाप. ठेकेदाराला तारीख कळवून बोलवा. नाही आला तर पंचांसमोर करा. एमबीत (मोजमाप वहीत) लिहिलेलं आणि जागेवर उभं असलेलं यात केवढी दरी असते! मिरजेजवळच्या एका कामात बिलं 70 टक्क्यांची निघालेली, मोजलं तर 55 सुद्धा भरेना. तिथं तळमजल्याच्या कॉलमना घाईघाईनं प्लास्टर मारलेलं होतं. मी हातोडीनं ठोकून बघितलं, पोकळ आवाज. प्लास्टर काढलं तर आत खडी उघडी आणि सळई दिसतेय. तेव्हा तुमच्याकडंही रिबाउंड हॅमर (काँक्रीटवर आपटून त्याचा कठीणपणा बघायचं उपकरण) लावा, शंका आली तिथं कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल तुकडा कापून तपासणी. वर सोडलेल्या सळयांचा गंज ब्रशनं जातो का, का पापुद्रे सुटतात, तेही बघा. हे सगळं फोटोसह कागदावर आल्यावरच कराराप्रमाणे नोटीस आणि रद्दीकरण. त्याआधी नव्या माणसानं एक वीट लावली तरी जुना म्हणणार, ते मीच केलं होतं.

तुमच्याकडं 42 लाख शिल्लक आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. उरलेल्या कामाला, दुरुस्ती धरून, तीन कोटेशन घ्या. समजा 66 लाख आले, तर खड्डा 24 लाखांचा, आणि गॅरंटी त्यातले 12 भरते. बाकीचे जुन्याच्या जोखीम-खर्चावर टाकायचे, म्हणजे त्याच्याकडून वसूल करायचे; तसं कलम करारात असेल तर सोपं.

आता स्टँपपेपरवर जामीन राहिलेला ठेकेदाराचा मेहुणा. कायद्यानं जामीनदाराची जबाबदारी ठेकेदाराइतकीच, 1872 च्या करार कायद्याचं कलम 128. पण मध्येच तुम्ही लिफ्ट आणि जादा खोल्या तोंडी वाढवल्यात ना? कलम 133 त्याच्याच बाजूनं बोलतं: त्याला न विचारता करार बदलला, तर बदलानंतरच्या व्यवहारातून तो सुटतो. बँकेच्या गॅरंटीच्या मजकुरात जामीनदाराची ही सवलत बहुतेक सोडून दिलेली असते, मेहुण्याच्या कागदात तसं आहे का बघा. आणि ठेकेदाराला 'मार्चपर्यंत वेळ देतो' असं सही करून देऊ नका, त्यानंही जामीन सुटू शकतो.

2022 पासून बँक गॅरंटीऐवजी विमा कंपन्यांचे शुअरिटी बाँडही (हमीपत्रं) निघालेत, पुढच्या टेंडरला विचारा. या भानगडीत उपयोग नाही.

गॅरंटीचं पहिलं पान नावं झाकून इथं पाठवा, आणि कॉलमचे फोटो जवळून काढून. लांबून सगळ्या इमारती छानच दिसतात.